टाकीचा सुस्कारा

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजी ज्या मातीत राहिले त्या मातीत दारूचं दुकान नसावं, असं त्या वेळी सरकारला वाटलं आणि ते वाटणं आजतागायत टिकून आहे. ज्यांना फारच तहान लागते ते वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या यवतमाळ-अमरावतीच्या हद्दीत जातात आणि रात्री उशिरा, नदीहूनही संथ वळणं घेत परततात. जे जात नाहीत त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. पण भर दिवसा, चौकात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, पैसे मोजून पावती घेऊन पिणारं माझ्या ओळखीत एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या बाबांची मोटारसायकल. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने २०२२ च्या जूनमध्ये गाठलं. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडेच झालं. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. माणसाने तोंड लावू नये म्हणून त्यात विषारी काहीतरी कालवतात, एवढाच काय तो फरक. तर पाच लिटर पेट्रोल भरलं की त्यात एक लिटर दारू. गाडीपाशी आरसी आहे, विमा आहे, पीयूसी आहे. पिण्याचा परवाना तेवढा नाही. पीयूसीवाला तिच्या नळकांड्यात नळी खुपसून तिचा श्वास तपासतो, आकडा वाचतो आणि हसतमुखाने जाऊ देतो. हे भाग्य नदीपलीकडून परतणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

गाडी १९९१ सालची. शंभर सीसी, चार स्ट्रोक, पाटीवर एमएच ३२. आयुष्याचा मोठा भाग तिने जवळजवळ निव्वळ पेट्रोलवर, निर्व्यसनी काढला. ऐन म्हातारपणी हे लागलं. नव्या गाड्या लहानपणापासून याच खुराकावर वाढतात, त्यांचं रबर आणि त्यांचे वायसर त्या बेताने घडवलेले असतात. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील हे सरकारही सांगतं; फक्त ते सांगण्याचा सूर असा असतो, की जणू म्हाताऱ्यांनी कवळी बसवून घ्यावी आणि बोलू नये.

खरं तर वर्ध्याने याविषयी कुरकुर करू नये. शेतातून निघालेलं इंधन ही कल्पना आमच्याकडे जुनीच आहे. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं बिऱ्हाड वर्ध्याच्या मगनवाडीत पडलं. तिथे जे. सी. कुमारप्पा आणि मंडळींनी मगनदीप नावाचा कंदील घडवला. तो रॉकेलवर नव्हे, वनस्पतीच्या तेलावर जळे. गावातला उजेड गावातल्या बियांतून निघावा, परदेशातून डब्यात भरून येऊ नये, हा त्यामागचा विचार. आज इथेनॉलची बाजू मांडणारेही, आणि त्यांतले सगळ्यांत खंदे असलेले आमच्या शेजारच्या नागपूरचे नितीन गडकरी, शेतकऱ्याने अन्नाबरोबर इंधनही पिकवावं असंच म्हणतात. एवढंच, की ऊस, मका आणि तुकडा तांदूळ दारूच्या वाटेने टाकीत उतरतात, आणि आमच्या जिल्ह्याचं मुख्य पीक कापूस आहे. कापसाचा गाडीला उपयोग पुसण्यापुरता. तिथेही तो एकदा नडलाच, पण ते पुढे येईल.

दुखणं असं होतं. गाडी घरून निघताना गुणी. बजाज चौकातून, गर्दीतून, नागपूर रस्त्याला लागेपर्यंत तिच्या आवाजात खोट काढायला जागा नसे. पवनारचा धाम नदीवरचा पूल जवळ आला, की मात्र ती काहीतरी आठवल्यासारखी मंद होई, एकदोन आचके देई आणि थांबे. बंद पडायला अख्ख्या जिल्ह्यात तिने हीच जागा निवडावी, याचं मला फार नवल वाटे. नदीकाठी विनोबांचा परमधाम आश्रम. १९५१ साली हा माणूस इथून पायी निघाला तो हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला गेला. तिथून पुढे पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि मग तेरा वर्षं तो देशभर चालतच राहिला. त्याच्या दाराशी उभं राहून, आठ किलोमीटरवर गाडी बंद पडते हो, अशी तक्रार करायला जीभ रेटत नाही. मी मुकाट्याने किक मारत राही.

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती आपल्याकडे जेवढं ज्ञान जमा होतं तेवढं विद्यापीठातही होत नसेल. सायकलवरचा गवळी थांबून सांगतो, प्लग पाहा. ट्रॅक्टरवाला न थांबताच ओरडतो, कचरा आला असन! शाळकरी पोरगा आजोबांसारख्या चेहऱ्याने चोकबद्दल विचारतो. पण या सगळ्यांआधी, ज्याला गाडीतलं काहीच कळत नाही तो हमखास विचारतो, ‘पेट्रोल आहे ना जी?’ हा प्रश्न अपमानाचा असतो. त्याला तोंडी उत्तर चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. मी किल्ली फिरवून टाकीचं झाकण उघडी, तो माणूस आत डोकावे, गाडी थोडी हलवून पेट्रोलचा डुचमळण्याचा आवाज ऐके, समाधानाने मान डोलावी; आणि पुढच्या एकदोन किकमध्ये गाडी सुरू होई. दर वेळी हेच. ज्यांनी प्लग, चोक, पॉइंट अशी गंभीर निदानं केली त्यांच्या हाताला यश नाही, आणि ज्याने नुसती शंका घेतली त्याच्या हाताला गुण. शेवटी शेवटी मी पुलावर अशा शंकेखोर माणसाची वाटच पाहू लागलो होतो.

झाकण उघडताना एक आवाज येई, हे माझ्या कानांनी टिपलं होतं, पण मन तिकडे गेलं नव्हतं. पाहुणे निघून गेल्यावर घरची बाई दाराला टेकून सोडते तसा तो एक लांब सुस्कारा होता. आर्वी नाक्याजवळच्या मिस्त्रींना मी ही पवनारची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी पान्याला हातही लावला नाही. ‘झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येते का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी झाकण काढून उलटं केलं, उजेडात धरलं आणि आतल्या बारीक भोकावरची वाळलेली माती टाचणीने टोकरून खाली पाडली. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. पावसाळाभर ओसरीत उभ्या असलेल्या गाडीच्या किल्लीच्या भोकातून ती आत शिरली असावी आणि तिला जागा पसंत पडली असावी. ‘गाडीले काई नाई झालं, भाऊ,’ मिस्त्री म्हणाले, ‘तिचा जीव कोंडून ऱ्हायला होता.’

कारण साधं आहे. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती यायची वाट म्हणजे झाकणातलं ते भोक. ते बुजलं, की पेट्रोलच्या वर पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला खाली सोडत नाही. टाकी भरलेली, कॉक उघडा, नळी साफ आणि कार्बोरेटर मात्र कोरडा. असं भरलेपणीच अडून बसणं मी नंतर बऱ्याच ठिकाणी पाहिलं, पण तिथे उघडायला झाकण नव्हतं.

मिस्त्रींचं वय आता गाडीच्या दुपटीच्या पुढे गेलं असेल. मी त्यांना काकाजी म्हणतो. ते शिकले राजदूत आणि येझदीवर. राजदूत १७५ तेव्हा गावोगाव दुधाच्या कॅन घेऊन धावे. टू स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे आणि ती गल्लीतून गेली, की निळसर धुराची एक रेघ बराच वेळ हवेत लटकून राही. मग स्कूटर आल्या. बजाज चौकात उभं राहून स्कूटरबद्दल बोलताना वर्धेकराला थोडं घरचं बोलल्यासारखं वाटतं, कारण चौकाला ज्यांचं नाव आहे ते जमनालाल बजाज इथलेच. गांधीजींना वर्ध्याला आणणारे ते हेच. शेवटच्या काळात त्यांनी सगळा जीव गोसेवेत ओतला आणि १९४२ मध्ये ते गेले. १९४५ साली निघालेल्या ज्या कंपनीची पुढे बजाज ऑटो झाली तिचं मूळ नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, आणि हे बछराज म्हणजे जमनालालजींना दत्तक घेणाऱ्या घराण्याचे वर्ध्याचेच शेठ. म्हणजे चरख्याच्या गावातल्या एका घराने आधी गाय सांभाळली आणि मग महाराष्ट्रातल्या मास्तर-कारकुनांना १९७२ पासून चेतकवर बसवलं. त्या काळातला कुठलाही गृहस्थ सकाळी आंघोळ, पूजा उरकून अंगणात येई, स्कूटर एका अंगावर झुकवी, क्षणभर तशीच धरी, मग सरळ करून किक मारी. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे वळवायचा तो उपाय होता, असं म्हणतात. तो कितपत शास्त्रीय याची कुणी चौकशी केली नाही. लहानपणी मला तो नमस्काराचाच एक प्रकार वाटे.

कुंभारणीचं घर मोडल्यावर गाडी पवनारच्या पुढे जाऊ लागली, पण आता उभी राहिली की मंदावून विझे, आणि खालून थेंब थेंब गळे. काकाजींनी ऐकून घेतलं, सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि कार्बोरेटर सोडवायला घेतला. ते काम बघण्यासारखं असतं. एवढीशी ती वस्तू, मुठीत मावणारी. आतून हवा जोरात जाते तिथे वाट मुद्दाम चिंचोळी केलेली असते. चिंचोळ्या वाटेने हवा धावत सुटते, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून आपोआप वर ओढलं जातं. एक भाग पेट्रोलला पंधराच्या आसपास भाग हवा, वजनाने. ते प्रमाण सांभाळायला वाटीत एक तरंगता फ्लोट, फ्लोटवर सुई, आणि पितळेचे दोन जेट, एक धावण्यासाठी, एक उभ्या-उभ्या जिवंत राहण्यासाठी. उभ्याने जगवणारा हा स्लो जेट सगळ्यांत बारीक. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. एवढ्या भोकातून माणसाचा सगळा संसार ऑफिसला जात होता, हे तो जेट तळहातावर घेतल्याशिवाय पटत नाही.

वाटी उघडली तर तळाला पांढरट भुकटी, तिच्यावर तांबडा गंज आणि कडेला वाळलेल्या गोंदासारखा तपकिरी थर. काकाजींनी बोटाने थर पुसून मला हुंगायला दिला. शिळ्या पेट्रोलचा वास नव्या पेट्रोलसारखा माणसाला खुळावत नाही. तो आंबट असतो आणि थोडा दुखावलेलाही. प्लगचं टोक पांढरंफटक. काळा कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, ओला म्हणजे बुडालेला, चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक, आणि पांढरा म्हणजे गाडी अर्धपोटी. मग त्यांनी औषधाच्या मापाच्या बाटलीत वीस मिली पाणी घेतलं, वर माझ्याच टाकीतलं शंभर मिली पेट्रोल ओतलं, झाकण लावून खळखळा हलवलं आणि बाटली कट्ट्यावर ठेवली. थोड्या वेळाने खालचा पाण्याचा थर चाळिशीच्या जवळ चढलेला. पेट्रोलमधली दारू पाण्याला भेटली, की पेट्रोलला सोडून पाण्याकडे जाते. ‘पाहा जी. दारूबंदीतली दारू,’ काकाजी म्हणाले. ती हवेतलंही पाणी ओढते, ते टाकीच्या तळाशी बसतं, पत्र्याला गंज चढवतं. वर्षानुवर्षांचे जुने थर सुटे करून खाली पाठवते आणि जुन्या रबराला फुगवते. कॉकमधला वायसर खरोखरच फुगून बसला होता. फ्लोटवरच्या सुईचं, म्हणजे नीडलचं, टोक मात्र कडक होऊन गेलं होतं.

जेट तारेने टोचायचा नाही, हा काकाजींचा दंडक. पितळ मऊ, भोक मोठं झालं की जन्माचं बिघडलं. पेट्रोलमध्ये भिजवायचं, कुंचल्याच्या केसाने साफ करायचं, हवा मारायची आणि मग डोळ्याला लावून आभाळाकडे बघायचं. त्यांनी मेन जेट डोळ्याला लावला आणि थांबले. चिमट्याने त्यातून एक तंतू ओढून काढला. पांढरा, सुती.

तो खादीचा होता. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदल्या आर्वीकडे, कारंज्याकडे, समुद्रपूरकडे, जिथे पंप लांब आणि पेट्रोल किराणा दुकानातल्या बाटलीत मिळे. दारूबंदीच्या जिल्ह्यात विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्यांना इतकं सन्मानाचं काम दुसरीकडे कुठे मिळालं नसेल. दुकानाच्या दाराशी त्या ओळीने उभ्या असत आणि आतलं लालसर पेट्रोल उन्हात चमके. त्यात रेशनचं निळं रॉकेल असायची भीती. म्हणून बाबा आधी वास घेत, मग नरसाळ्यावर खादीच्या जुन्या रुमालाचा तुकडा धरून हळूहळू ओतत. गुरुजी गाडीला पाणी गाळून पाजतात, असं गावातले लोक म्हणत. त्या फडक्याने किती कचरा अडवला असेल देव जाणे. आणि त्याचाच एक धागा टाकीत राहून, बाबा गेल्यावर, इथेनॉलने तळ ढवळल्यावर, कॉकची जाळी फाटलेली बघून खाली उतरला. काकाजींनी तो धागा टाकून न देता कट्ट्यावर ठेवला. मीही काही बोललो नाही.

बाबांची आणखी एक सवय गल्लीत प्रसिद्ध होती. घर किलोमीटरभर उरलं, की चालत्या गाडीवरून डावा हात खाली नेऊन ते पेट्रोलचा कॉक बंद करत. उरलेलं अंतर गाडी कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर काटे आणि बरोबर फाटकाशी येऊन आपली आपण थांबे. अंदाज चुकला तर शेवटची काही पावलं बाबा ती ढकलत आणत, अंगावरचा सदरा आणि चेहरा दोन्ही तितकेच इस्त्रीचे. शेजारी म्हणत, गुरुजी थेंबही वाया जाऊ देत नाहीत. आई म्हणे, ह्यांना गाडी बंद करायला किल्ली लागतच नाही. मी हे काकाजींना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. ‘गुरुजी बरोबर करत होते,’ ते म्हणाले. वाटी कोरडी राहिली, की गोंद धरत नाही, भुकटी बसत नाही, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत वाटीतलं पेट्रोल उडून जेट चिकटत नाहीत. ‘तुमच्याइकडे आल्यावर गाडी भरल्या वाटीनं उभी ऱ्हायली, भाऊ. म्हणून झालं हे.’ भरल्या वाटीने उभं राहणं हा दोष असू शकतो, असं त्या दिवसापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ते सुबत्तेचं लक्षण मानलं जाई.

१ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. तिथे आता पंप असतो, सेन्सर असतात, किल्ली फिरवली की टाकीच्या पोटात बारीक गुणगुण होते आणि पेट्रोलचा हिशेब एक चिप ठेवते. बिघडली की संगणक जोडून विचारायचं. ही सोय मला मान्य आहे, आणि तिचा हेवाही वाटतो. फक्त तिथे पेट्रोल आहे का असं विचारून कुणाच्या हाताला गुण येणार नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्याने जाताना बाबांची गाडी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, असं मला आपलं वाटतं.

टाकी धुणं हा शेवटचा सोहळा. काकाजींच्या पोराने आत मूठभर नट-बोल्ट आणि चिंचेचं पाणी घातलं आणि आळीपाळीने आम्ही ती हलवली. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईकही त्यात सामील झालं. आतून तांबडं पाणी निघत राहिलं, मग फिकट, मग स्वच्छ. पाणी लगेच ओतून टाकी उन्हात कोरडी केली. नवा वायसर, नवी नीडल, नवी नळी, नळीत एक पारदर्शक फिल्टर. खादीचं फडकं आता लागणार नाही, असं काकाजी म्हणाले. हिशेब झाला तेव्हा सगळ्या सामानाचे मिळून पेट्रोलच्या दीडदोन लिटरांएवढेही झाले नव्हते. मजुरी त्यांनी गुरुजींच्या नावाने निम्मी धरली.

तेव्हा जुनी गाडी ज्यांच्या दाराशी उभी आहे त्यांना एवढीच विनंती. आधी झाकणाचं भोक उजेडात धरून बघा, मग प्लग, मग कार्बोरेटर. कॉकचा वायसर आणि पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणारी मागून घ्या, दुकानात मिळते. पंधरा दिवस गाडी चालवायची नसेल तर टाकी भरून ठेवा, वाटी रिकामी ठेवा. जेटमध्ये तार घालू नका. आणि घर किलोमीटरभर उरलं, की कॉक बंद करा. लोक हसले तर हसू द्या.